तीन इंच

छत कापून झाल्यावर मला विचारण्यात आलं,
नकाशा वाचायला येशील का.
आर्लिस व्होंद्राचेकचा क्रम असाच:
आधी करवत, मग माणूस.
माझी उंची सहा फूट चार.
तीन इंच कमी झालेल्या छताला
हे कुणी कळवलं नव्हतं.

गाडी सापडली एल्मच्या रांगेमागे,
जिथे नेब्रास्कातली माणसं मेलेली यंत्रं
वाऱ्याला आडोसा म्हणून सोडून देतात.
एकतीस सालची फोर्ड. दारात बंदुकीची अकरा भोकं,
सीटच्या जागी रॅकूनचं बिऱ्हाड.
दोनशे डॉलर,
आणि रॅकूनची समजूत घालायला एक आख्खा रविवार.

इंजिन दुधाच्या ट्रकमधलं, एकोणपन्नासचं,
आठ सिलिंडर, चपट्या डोक्याचं.
जळका वायू स्वतःच्या पोटातूनच बाहेर नेतं,
म्हणून तापतं.
(आमच्या घराण्यात असे दोन काका होते.)
लोखंडाची भुकटी शिंपडून तिने तडे शोधले.
पहिला ब्लॉक बाद.
दुसरा बाद.
तिसऱ्यालाही तडा होता, पण ती म्हणाली,
सोयीच्या जागी आहे.

दिवसा ती शेतांना पाणी देणारे लांबलचक पाइप जोडते,
रात्री हे.
मडगार्ड तीनदा काढले, तीनदा लावले:
रूप म्हणतं नको, खडीचा रस्ता म्हणतो हवेत.
शेवटी पुढचे राहिले, मागचे भिंतीवर टांगले,
आणि त्यावर महिनाभर कुणी बोलायचं नाही असं ठरलं.

रॅलीचा नियम: साठ सालानंतरचं काही चालणार नाही.
माझा जन्म अठ्ठावन्नचा.
म्हणजे मी नियमात बसत होतो,
गाडीत बसत नव्हतो.
सीट काढून फळी ठोकली, फळी काढून घोंगडी घातली,
तरी डोकं पत्र्याला.
मान वाकवायला शीक, ती म्हणाली,
माझ्या बहिणीशी चाळीस वर्षं संसार केलास ना?
बहीण शेजारीच उभी होती, टॉर्च धरून.
उजेड जरा हलला.

जानेवारीत, उणे वीसमध्ये, पहिल्यांदा सुरू केलं.
खोकलं.
पुन्हा खोकलं.
मग कोठारातली सगळी कबुतरं एकदम बाहेर,
आणि आर्लिस, जी नवऱ्याच्या दफनालाही
घड्याळ बघत उभी होती,
हातमोजा तोंडात धरून भिंतीकडे वळली.

लारेडो ते डॉसन. टेक्सास ते युकॉन. अकरा दिवस.
पहिल्याच दुपारी नळीतलं पेट्रोल उकळून वाफ झालं
आणि आम्ही गॅरेजच्या नव्हे, चर्चच्या दारात थांबलो.
एका बाईने दोरीवरचे कपडे तसेच खाली टाकून
लाकडी चिमटे आणून दिले. अठरा.
नळीभर लावले.
चिमट्यांनी का चालतं हे विज्ञानाला पटत नाही,
गाडीला पटलं.

मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला.
फळ्यावर रॉकी पर्वत काढला, खडू मोडेपर्यंत.
प्रत्यक्षात तो मला गुडघ्यापर्यंतच दिसला.
आठ दिवस मांडीवर नकाशा, हनुवटी छातीवर,
जगाचा खालचा अर्धा भाग:
डांबर, खडी, मेलेला साळिंदर, पुलांचे पाय.
डावीकडे, मी म्हणायचो. ती वळायची.
नव्वद मैल सरळ, मी म्हणायचो,
आणि नव्वद मैल कुणी काही बोलायचं नाही.

मंचो सरोवराजवळ पाण्याचा पंप गेला.
ती लगेच बॉनेटखाली.
मी उतरलो, एक एक सांधा विचारून,
आणि मान गंजलेल्या बिजागरीसारखी
कुरकुरत वर आली.

पाना दे, नऊ सोळांशाचा.

बर्फ होतं वर, इतक्या वर
की खालच्या हिरव्याशी त्याचं काही नातं दिसेना,
आणि त्याच्याही मागे आणखी एक,
जो मी कधीच फळ्यावर काढला नव्हता.

लीलंड. पाना.

पाना माझ्या हातात होता.
तिने तिसऱ्यांदा हाक मारली.